तांडेल बाई नॉर्वेला जाऊन आल्या

माझ्या सेवापुस्तकात कुठेही नोंद नसलेलं एक काम मी नोकरीत असताना बरीच वर्षं केलं. शिक्षकांना परदेशी पाठवण्याचं. मी स्वतः आजवर विमानात बसलेलो नाही. पण पासपोर्टचे अर्ज मी इतक्या जणांचे भरून दिलेत, की त्यातला कुठला रकाना कुठे चुकतो हे मी आजही न बघता सांगेन.

हुद्द्याने मी शिक्षण विस्तार अधिकारी. पालघर तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या प्राथमिक शाळा माझ्याकडे होत्या. शाळेत जायचं, हजेरीपट तपासायचा, चौथीच्या मुलांना दोन गणितं घालायची, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि शेवटची एसटी गाठायची. गावात मला 'साहेब' म्हणत. साहेबाकडे एक सायकल होती आणि तिची चेन सतत पडायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या काही जाणत्या मंडळींनी एक निधी उभा केला. दरवर्षी ग्रामीण भागातले दोन शिक्षक निवडायचे आणि त्यांना सहा आठवडे एखाद्या परक्या देशातल्या शाळेत पाठवायचं. तिकीट, राहणं, खाणं सगळं निधीचं. तिथे एखाद्या शिक्षकाच्याच घरी राहायचं, त्याच्या वर्गात बसायचं, परत येऊन जे दिसलं ते आपल्या लोकांना सांगायचं. त्यातले एक विश्वस्त केळव्याला सुट्टीसाठी आले होते, तेव्हा त्यांना शाळा दाखवायला मी बरोबर फिरलो. त्यानंतर आमच्या भागातली नावं सुचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वरच्या साहेबांनी 'नेमून दिलेल्या कामास बाधा न येता' अशी परवानगी दिली.

अर्ज चार पानी होता. शेवटच्या पानावर एकच प्रश्न आणि त्याखाली मोठी मोकळी जागा: 'तिथे जाऊन तुम्हाला कशाचं उत्तर शोधायचं आहे?' या जागेत आमचे बहुतेक गुरुजी जे लिहीत ते मी पाठ म्हणू शकेन. 'आधुनिक अध्यापन पद्धतींचा सखोल अभ्यास करून त्याचा लाभ ग्रामीण विद्यार्थ्यांना मिळवून देणे.' एका सरांनी हे सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिकडे टेपरेकॉर्डर स्वस्त मिळतो म्हणतात, खरं का?" ते गेले, टेपरेकॉर्डर घेऊन आले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तिकडे' या शब्दाने करत राहिले. मुलं त्यांना 'तिकडचे सर' म्हणायची. त्यांच्या अर्जावर शिफारशीची सही माझीच होती, तेव्हा हसायचा अधिकार मला फारसा नाही.

मंजुळा तांडेल या बाईंचा अर्ज त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी आला.

घिवलीच्या बाजूला किनाऱ्यावर एक कोळीवाडा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की एका अंगाला अणुवीज केंद्राच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या अंगाला बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या रांगा. या रांगांना तिथे वलांडी म्हणतात. दोनशिक्षकी शाळा, तांडेल बाई मुख्याध्यापिका. त्या त्याच वाडीच्या सूनबाई. नवरा होडीवर, सासू बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. अंगाने किरकोळ, बोलणं कमी, पण नजर अशी की समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय हलायची नाही.

त्यांनी त्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं: 'दिवाळी ते होळी बोंबलाचा हंगाम असतो. तेव्हा माझ्या तिसरी-चौथीच्या मुली शाळेत येत नाहीत. होडी लागली की त्या बोंबील टांगायला जातात. मी घरोघर जाऊन ओरडते. आया म्हणतात, मासळी थांबत नाही. हे खरं आहे. जगात दुसरीकडेही कोळी असतील. त्यांच्या मुली हंगामात शाळेत जातात का? जात असतील तर कशा? मला हे बघायचं आहे.'

मी ते पान दोनदा वाचलं. पंधरा वर्षं मी त्या शाळांच्या शेरेबुकात 'उपस्थिती समाधानकारक नाही, सुधारणा व्हावी' असं लिहीत आलो होतो. सुधारणा कशी व्हावी, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मुलाखत मुंबईला होती. मी बरोबर गेलो होतो आणि मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली होती. समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, म्हणजे तुम्ही एवढ्या लांब जाऊन पुन्हा मासेच बघणार?"

बाई गडबडल्या की त्यांची घरची बोली वर यायची. त्या म्हणाल्या, "मासे नाय साहेब. मासे घरी हायेत. मला पोरी बघायच्यात."

निधीच्या सचिव वयस्क बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "थंडी सोसेल का?" तेव्हाच मला कळलं की निवड झाली.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडचं एक बेट ठरलं. तिथे कॉड नावाच्या माशाचा हंगाम ऐन थंडीत असतो, म्हणून जाणंही थंडीतच. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार वाडीत आले. अणुवीज केंद्राच्या शेजारचा माणूस परदेशी निघाला की ते जरा जास्तच विचारतात, आणि ते बरोबरही आहे. त्यांनी विचारलं, "नॉर्वेत तुमचं कोण आहे?" बाईंच्या आधी सासू बोलली, "तिकडं दर्या हाय ना? मंग हाय आमचं." हवालदारांनी 'नातेवाईक नाहीत' असं लिहून घेतलं.

त्याच सासूने मला निघताना ओसरीवर थांबवलं. "सायेब, ते लोक इला परत धाडतील ना?"

"सहा आठवड्यांत परत येईल, माझी हमी."

"तुमची हमी," असं म्हणून तिने माझ्या सायकलकडे पाहिलं.

बोईसरच्या वसाहतीत एका इंजिनिअरच्या घरच्या बाई सिमल्याच्या होत्या. त्यांना मी कुणाकडून तरी निरोप पाठवला होता. त्यांनी आपला लोकरी कोट काढून दिला. "दीदी, ये ले जाओ. वहाँ की ठंड मज़ाक नहीं है." कोट बाईंच्या घोट्यापर्यंत येत होता. त्यात त्या विमानात चढल्या.

तीन आठवड्यांनी मला पहिलं पत्र आलं. पत्र कसलं, प्रश्नांची यादीच होती. इथे मासे लाकडी मांडवांवर टांगतात, थेट आपल्यासारखे जोडीजोडीने, फक्त आपण जबड्यात जबडा अडकवतो, इथे शेपट्या बांधतात. मीठ इथेही लावत नाहीत, पण माशी एकही नाही, कारण थंडीत माशीच जगत नाही. मग ऊन नसताना मासा वाळतो कसा? वाऱ्याने? आपल्याकडे वाऱ्याने का नाही वाळत? माशाचं डोकं वेगळं टांगतात. ते दूर आफ्रिकेत विकतात म्हणे. आफ्रिकेतल्या लोकांना इथली डोकी आवडतात हे कुणी प्रथम शोधलं असेल?

आणि शेवटी पोरींबद्दल. शाळा सुटली की दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली धक्क्यावर जातात आणि कॉडच्या जिभा कापतात. हे काम मुलांचंच मानतात. मोठी माणसं त्यात हात घालत नाहीत. 'साहेब, त्यांच्या हातात सुऱ्या बघून मी घाबरले. मग बघितलं, त्या आपल्या बोंबील टांगणाऱ्या पोरींसारख्याच भराभर काम करतात. पण हे काम शाळेनंतर. शाळेच्या आड येत नाही. असं कसं जमलं, विचारते आहे.'

त्याचं उत्तर त्यांना मिळालं ते ज्या घरी त्या राहत होत्या त्या शिक्षिकेच्या आईकडून. त्या म्हाताऱ्या बाईही एके काळी त्याच बेटावर शिकवायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मुलगी इंग्रजीत करून सांगायची. म्हातारीने सांगितलं की त्यांच्या लहानपणी शाळा एक दिवसाआड भरायची. अर्धी मुलं आज, अर्धी उद्या. कारण घरी काम असायचं आणि सरकारला ते माहीत होतं. तांडेल बाईंनी विचारलं, अशाने मुलं मागे पडली नाहीत का? म्हातारी म्हणाली, "आलेल्या मुलाला शिकवता येतं. न आलेल्याला नाही." पुढे घरोघरची परिस्थिती सुधारली तशी शाळा रोज भरू लागली. आधी शाळा मुलांजवळ आली होती, मग मुलं शाळेजवळ आली. हे शेवटचं वाक्य बाईंचं, पत्रातलं.

बाई परत आल्या. निधीला अपेक्षा होती स्लाइड दाखवून व्याख्यान देण्याची. ते त्यांनी पालघरला एकदा दिलं, दहा मिनिटांत आटपलं आणि लोकांचा विरस झाला. बर्फाबद्दल त्या फारसं बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या.

"साहेब, मला हंगामापुरती शाळेची वेळ बदलायची आहे. तास कमी करणार नाही. फक्त वेळ."

"सकाळची करा की मग."

"रोज सकाळची नाही चालणार. होडी भरतीला लागते, आणि भरती रोज सरकते."

मग त्यांनी माझ्या टिपणवहीवर मला हिशेब मांडून दाखवला. कोळ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, मला त्या दिवशी कळला. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड. पंचमीला पावणेचार. एकादशीला सकाळी सव्वाआठ. भरतीला होडी लागली की पुढचे तीन-साडेतीन तास मुली टांगणीच्या कामात. म्हणजे द्वितीयेला शाळा सकाळी सात ते बारा. एकादशीला दुपारी बारा ते पाच. रोजची वेळ आदल्या दिवशी फळ्यावर.

इतका साधा आणि इतका न बसणारा प्रस्ताव माझ्याकडे कधी आला नव्हता. तिथीवर शाळा भरवण्याचा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मी म्हणालो, "सुरू करा. पण लेखी मागू नका. लेखी मागितलंत तर मला वर पाठवावं लागेल, आणि वरून नाही येईल. माझी तोंडी परवानगी आहे असं समजा."

"बरं" म्हणून त्या उठल्या.

दिवाळीनंतर हंगाम लागला. त्या हिवाळ्यात मी चार वेळा त्या शाळेत गेलो. दोनदा वेळ चुकून गेलो आणि बंद दारासमोर बसून राहिलो. पण शाळा भरली की भरलेली असायची. ज्या चौथीच्या बाकांवर एरवी हंगामात धूळ असायची तिथे मुली बसलेल्या, हातांना बोंबलाचा वास, पण बसलेल्या. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कुणाकडून पाठ करून घ्यावी लागली नाही. "सप्तमीला किती?" असं विचारलं की वर्ग ओरडायचा, "सव्वापाच!" मी शेरेबुकात लिहिलं, 'उपस्थिती उत्तम.' वेळेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या हंगामात जिल्ह्याहून नवे वरिष्ठ अचानक तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. साडेदहाला शाळेला कुलूप. समोर वलांडीवर अख्खी चौथी बोंबील टांगते आहे आणि मुख्याध्यापिका कडेला उभ्या.

"शाळा बंद का?"

"बाराला भरेल साहेब. आज एकादशी आहे."

साहेबांचा समज झाला की बाईंनी उपवासाची सुट्टी दिली आहे. बाई समजावू लागल्या तशी त्यांची बोली वर आली, आणि साहेब ऐकेनासे झाले. आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस निघाली. तिच्यात चक्क 'एकादशीनिमित्त शाळा बंद ठेवल्याबाबत' असा विषय होता. तिची एक प्रत माझ्याकडे आली, वर एक प्रश्न जोडून: वेळ बदलण्यास आपण परवानगी दिली होती काय?

त्या कागदाशी मी तीन दिवस बसलो. माझी बढती तोंडावर होती. चौथ्या दिवशी मी एक वाक्य लिहून पाठवलं: 'सदर शाळेस वेळ बदलण्याची लेखी परवानगी या कार्यालयाने दिलेली नाही.'

त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

बाईंनी आपल्या खुलाशात माझं नाव घेतलं नाही. 'मुलींच्या हितासाठी निर्णय मी घेतला' एवढंच लिहिलं. त्यांची बदली झाली, तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, जिथे त्या काळी दिवसातून एक एसटी जायची. नवरा आणि सासू किनाऱ्यावर, बाई डोंगरात. कोळीवाड्यातली शाळा पुन्हा साडेदहाला भरू लागली आणि चौथीच्या बाकांवर पुन्हा धूळ बसली. त्या वर्षी शेरेबुकात मी काय लिहिलं ते इथे सांगवत नाही.

निधीचा एक नियम होता. जाऊन आलेल्या शिक्षकाला वर्षा-दोन वर्षांनी भेटून शिफारस करणाऱ्याने अहवाल द्यायचा. सचिव बाईंचं स्मरणपत्र आलं तेव्हा मला टाळता येईना. मी त्या डोंगरातल्या पाड्यावर गेलो.

कौलारू एकखोली शाळा. बाईंनी मला बघून खुर्ची पुसली, पाणी दिलं. मग लगेच, जणू आम्ही कालच भेटलो होतो अशा थाटात, विचारू लागल्या. "साहेब, इथली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीला जातात, मुलं घेऊन. काही घरं मात्र मुलांना आजीकडे ठेवून जातात. कुठली घरं ठेवतात आणि कुठली नाही, मी लिहून काढते आहे. अजून कळत नाही. जमीन सारखीच, पावसावरचं शेत सारखंच. मग फरक कशाने पडतो?"

मी म्हणालो, "बाई, मला आधी दुसरं बोलायचं आहे. तो माझा कागद..."

"वाचला होता मी. कार्यालयात दाखवला मला."

"मी खोटं लिहिलं नव्हतं, पण..."

"तेच तर," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण बोली आली. "तुमी खोटं लिवलं असतं ना साहेब, तर मी भांडले असते. खरं लिवलं, म्हनून मला भांडताच नाय आलं."

मग त्या उठून मुलांकडे गेल्या.

परत आलो आणि दोन कागद लिहिले. एक निधीला, घडलं ते सगळं. दुसरा वरिष्ठांना: वेळ बदलण्यास मी तोंडी संमती दिली होती, एकादशीचा सुट्टीशी संबंध नव्हता, पूर्वीचा माझा खुलासा अपुरा होता. वरिष्ठांनी मला बोलावलं, कागद समोर धरला आणि म्हणाले, "हा तुम्ही तेव्हाच का नाही दिलात?" मी म्हणालो, "भीती वाटली." त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहिला आणि त्याच आठवड्यात बाईंच्या परत बदलीची शिफारसही केली. माणूस शिस्तीचा होता, हे मी आधी सांगितलंच आहे. बढती मात्र मागे पडली, ती चांगली सहा वर्षं.

प्रत्यक्ष बदलीचा आदेश यायला आणखी एक वर्ष गेलं. बाई जूनमध्ये कोळीवाड्यातल्या शाळेत हजर झाल्या. त्या पावसाळ्यात आमच्याकडे गटशिक्षणाधिकाऱ्याची जागा रिकामी झाली आणि चार महिन्यांसाठी तिचा प्रभार माझ्याकडे आला. मी जुनी परिपत्रकं काढून बसलो. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवायचा अधिकार त्या खुर्चीला होता. ज्या वाक्याने तो दिला होता त्यात उन्हाळा हा शब्दच नव्हता, 'स्थानिक परिस्थिती' असं होतं. इतकी वर्षं ते परिपत्रक माझ्याच कपाटात होतं.

दिवाळीच्या आधी आदेश टंकून घेतला, सही केली, शिक्का मारला आणि तो टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेलो. बाई शाळेत नव्हत्या, घरी गेलो. ओसरीवर त्यांची सासू जाळ्याची भोकं सांधत बसली होती. तिने मला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही.

"काय सायेब? इची शाळा या टायमाला तोंडी का लेखी?"

"लेखी," मी म्हणालो आणि कागद पुढे केला.

तिने तो घेतला, उलटा केला, सुलटा केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने आत हाक मारली, "मंजुळे, ये वाच."

बाई हात पुसत बाहेर आल्या. उभ्या उभ्या त्यांनी तो आदेश पहिल्यापासून वाचला. मत्स्य हंगाम, भरतीची वेळ, एकूण तास कायम, सगळं. वाचून झाल्यावर घडी घालू लागल्या.

"थांब," म्हातारी म्हणाली. "खाली सही कुनाची हाय, ती बी वाच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद पुन्हा उलगडला आणि माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने वाचलं.

म्हातारीने पाट पुढे सरकवला. "बसा सायेब."